हाफ तिकीट

पुण्याहून सुनेचा फोन आला तेव्हा मी कुरडयांचे गहू भिजत घालत होते. "आई, यंदा मुलं रिठदला नाही येणार. धाकटीचं पोहणं, थोरल्याचा बुद्धिबळाचा वर्ग, उरलेले आठ दिवस माझ्या आईकडे." मी "अगं बाई, असं का?" म्हटलं. जमेल तितक्या दुःखानं म्हटलं. फोन ठेवला आणि निम्मे गहू परत डब्यात ओतले.

गेले नऊ उन्हाळे मी कूलरच्या वाऱ्यात बसलेली नाही. त्यात पाणी ओतते मी, समोरची जागा मात्र नातवंडांची. आंब्याच्या रसाची पहिली वाटी त्यांची, पातेल्याला लागलेला रस माझा. दुपारी सगळं रिठद दारं लोटून निजलेलं असताना आमच्याकडे पत्त्यांवरून भांडण पेटलेलं असतं. बरं, पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आमच्या विदर्भातल्या उन्हापायी जूनअखेर. त्यामुळे पाहुणी पाखरं उडाली तरी गल्लीतली पोरं सवयीनं आमच्या अंगणात येतातच. त्यांचा हिशेब मी कधी मांडलाच नाही.

यंदा मांडला, दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर. दुपारी दोन ते चार झोप. आधी 'झोप किंवा वाचन' लिहिलं होतं, मग वाचन खोडलं. स्वतःशी तरी खोटं कशाला बोला? पापड यंदा पाव पट. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाजेवर नुसतं पडायचं, कुणालाही गोष्ट सांगायची नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून: लोणार.

लोणार इथून फार लांब नाही, रिसोडला बस बदलली की झालं. जगभरचे शास्त्रज्ञ ते विवर बघायला येतात. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेला जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आणि त्यात खारं पाणी. २०२०च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, पण तेव्हा सगळे घरात कोंडलेले. मी ते नातवाच्या मोबाइलवर पाहिलं, तेही त्याचा खेळ संपल्यावर. दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी मोडतं. एकाला गाडी लागते, दुसरीला उन्हाचा ताप येतो. तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ मी लग्नाआधी पाहिलेलं. भिंतीवरची शिल्पं तेव्हा भराभर पाहिली, कारण वडिलांना बस गाठायची होती.

अडचण एकच आहे. या आनंदाला गावात परवानगी नाही. दळणाला गेले तरी कुणीतरी हळहळतं, "लेकरं नाही आले यंदा? घर खायले उठत असन वं बाई!" मी पदर डोळ्यांना लावते. घाम पुसायचा असतोच. आठवण येत नाही असं नाही, येते. रात्री जेवताना येते. दुपारी दोन ते चार मात्र येत नाही, आणि हे ज्याला सांगावं असा माणूस मला गावात दिसत नव्हता.

ह्यांना वहीचं पान सापडलं. "मीही येतो लोणारला. मला तर फुकटच आहे," म्हणाले. खरं आहे, २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत, आणि ह्यांना शहात्तरावं लागलंय. पण ह्यांच्यासोबत जायचं म्हणजे टोपी, पाण्याची बाटली, गोळ्या, 'किती वेळ आहे अजून' आणि 'भूक लागली'. यापेक्षा धाकटी बरी, तिला निदान रागावता येतं. मी म्हटलं, "विवराची उतरण तुमच्या गुडघ्यांना झेपायची नाही." माझ्या गुडघ्यांविषयी त्यांनी विचारलं नाही, ते बरंच झालं.

काल शेजारच्या काकू आल्या, बसल्या, माझ्यासाठी भरपूर हळहळल्या. मग कूलरसमोरून उठवेना तेव्हा हळूच म्हणाल्या, "माह्यावाले तं गुरुवारी येऊन राह्यले, चौघं. त्याच्या आंधी मले बी ने ना वं लोणारले."

तर बुधवारी पहाटेच निघतो, ऊन चढायच्या आत विवरातून वर यायला हवं. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. आजवर मी कंडक्टरकडे हाफ मागितलं ते पोरांसाठी. बुधवारी दोन हाफ घ्यायचे, आणि दोन्ही आमचेच.