अधिक महिन्यातला उपाशी जावई

जावयाला उपाशी ठेवणारा सासरा आमच्या घराण्यात आजवर झाला नव्हता. तो मान २०२३च्या अधिक श्रावणात मला मिळाला. त्यासाठी मी उन्हापावसात पायपीट केली, घसा बसेपर्यंत बोललो. फुकटात मिळालेला मान नव्हे तो.

लेक आणि जावई पुण्याहून आले होते. वाण दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. ही सकाळपासून अनारशांच्या मागे. अनारसा तुपात हसू नये म्हणून स्वयंपाकघरात माणसांनाही हसायची बंदी होती. "तुम्ही दोघं बाहेरच जेवा आज. आणि जावयांना जरा चांगलंचुंगलं खाऊ घाला," असं सांगून तिने आम्हाला घराबाहेर काढलं. स्टेशनकडे जाताना जावईबापू भाबडेपणाने म्हणाले, "बाबा, तुम्ही नेहमी सांगता ना, ते तुमचं गिरगाव दाखवा."

हे बोलण्यापूर्वी त्यांनी आपल्या बायकोचा सल्ला घ्यायला हवा होता. तिचं अख्खं बालपण माझ्या गिरगावात गेलंय. म्हणजे डोंबिवलीच्या गॅलरीत बसून ते ऐकण्यात.

आम्ही मूळचे गिरगावकर. चाळीतली खोली विकून डोंबिवलीला आलो त्यालाही आता जमाना झाला. पण कोणी विचारलं तर "आम्ही गिरगावातले" असंच सांगायचं, आणि "सध्या डोंबिवलीला असतो" हे अशा सुरात, की समोरच्याला वाटावं, सामान अजून बांधलेलंच आहे.

गाडी बदलायला दादरला उतरलो, तेव्हा मी पुलावरच सुरुवात केली. पूर्वेला दादर टी. टी. "टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, ती बोरीबंदराहून इथेच आली." पश्चिमेला कोहिनूर टॉकीज. "१९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' इथेच लागावा म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली होती." जावयांनी मान उंच करून पाहिलं. ट्राम नव्हती. टॉकीजच्या जागी मॉल होता. खाली वडापावच्या गाडीवर तेल तापलं होतं, तिकडे त्यांची नजर गेली. मी त्यांना दंडाला धरून चर्नी रोडच्या गाडीत बसवलं. जावयाला काय वडापाव खाऊ घालायचा?

गिरगावात पोचलो तर सगळीकडे मेट्रोची खणाखणी, पत्र्याच्या भिंती. तरी मी दिशा सोडली नाही. मॅजेस्टिकच्या जागेपाशी उभं राहून सांगितलं, "भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला इथे लागला. आणि त्याच्या आधी १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तोही गिरगावातच, कॉरोनेशनला."

"आणि ती थिएटरं?"

"दोन्ही गेली."

"'आलम आरा' बघायला मिळतो का कुठे?"

"त्याची एकही प्रत शिल्लक नाही."

जावईबापू काही वेळ त्या शॉपिंग सेंटरकडे आदराने पाहत राहिले. मग म्हणाले, "इथे खाली काही खायला असेल का?"

तेवढ्यात पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला एक डिलिव्हरीवाला पोरगा पत्ता विचारायला थांबला. गिरगावात पत्ता आणि तो मला विचारावा! मी म्हणालो, "सोप्पंय. हे मॅजेस्टिक मागे टाक. पुढे सेंट्रल सिनेमा लागेल, तो ओलांड. कोपऱ्यावर इराणी आहे, त्याच्या समोरची वाडी." पोरगा नेमाने निघाला. थोड्या वेळाने पुन्हा आमच्याच समोरून उलटा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने फोन पुढे करून पानवाल्याला पत्ता विचारला. त्याच्या पेटीतून गरम जेवणाचा वास येत होता. जावई त्या वासाच्या मागे चार पावलं चालत गेले.

फोन वाजला. "जेवलात का?" हिने विचारलं.

"आत्ताच मॅजेस्टिक झालं. आता अनंताश्रम."

"अहो, ते बंद झालंय ना?"

रेंज नसल्यासारखं करून मी फोन ठेवला.

खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, उतरत्या कौलांची जुनी घरं अजून काही उभी आहेत. अनंताश्रमाच्या जागेपाशी मात्र जेवणाचा वास नाही, की पाटीवरचा मेनू नाही. मी दारासमोर उभा राहून जावयांना सगळं साग्रसंगीत वाढलं: सुरमईची तुकडी, बांगड्याचं तिखलं, आमटीचा रंग, वर सोलकढी. ताटावर रेंगाळणाऱ्याची तिथे गय नव्हती, ही त्या खानावळीची ख्याती. जेवा, उठा, पुढच्याला जागा द्या. गप्पा मारायच्या तर चौपाटीवर जा. बोलता बोलता माझ्याभोवती कोंडाळं जमलं. हेरिटेज वॉकला आलेली तरुण मुलंमुली होती. मी वाढतच गेलो. अर्ध्या तासाने लक्षात आलं, की जावई शुद्ध शाकाहारी आहेत.

त्या घोळक्यातल्या एका मुलीने वही काढून विचारलं, "काका, तुम्ही इथे नेहमी जेवायचात?"

आता खरं सांगायचं तर आमच्या घरी हॉटेलात जेवणं म्हणजे ज्याची बायको माहेरी गेलीय त्याचं काम. कारकुनाच्या पगारात पाच माणसं बाहेर जेवली असती, तर महिनाअखेर घरात जेवली नसती. अनंताश्रमात मी गेलो होतो तो वडिलांच्या मित्राला निरोप द्यायला. तो जेवत होता. मी उभा होतो. इराण्याकडे जायचो ते पाव आणायला. संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दारातूनच पाहिलेल्या. ब्रून मस्क्याची चव मी इतक्या लोकांना सांगितली आहे, की ती सांगण्याचीच चव जिभेवर बसली आहे.

"नेहमी म्हणजे... येणंजाणं होतं," मी म्हणालो. मुलीने लिहून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. जावईबापू म्हणाले, "बाबा, जे चालू आहे असं काही जवळपास असेल तर..." मी ग्रँट रोडच्या बी. मेरवानचं नाव घेतलं. १९१४चा इराणी. पण हे नाव घेताना मला माझाच एक पराक्रम आठवला. २०१४ साली मेरवान बंद होणार अशी बातमी आली आणि मावा केकसाठी अख्खी मुंबई लोटली. मीही डोंबिवलीहून गेलो, रांगेत उभा राहिलो, हळहळलो, फोटो काढले. पुढे ते परत सुरू झालं. मग मात्र मी फिरकलो नाही. चालू दुकानात जाऊन हळहळणार काय? जावयांना मी यातलं काही सांगितलं नाही. "तिकडे फार गर्दी असते," एवढंच म्हणालो आणि त्यांना लोअर परळच्या गाडीत बसवलं.

लोअर परळला उतरून फिनिक्सच्या दारात उभे राहिलो. गिरणीची चिमणी अजून आहे. तिच्या पायथ्याशी बुटांची, घड्याळांची, अत्तरांची दुकानं. मी पुन्हा सुरू झालो. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार. मग जेवणाचा विषय काढला, कारण जावयांच्या चेहऱ्यावर तोच एक विषय दिसत होता. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, त्या खोलीला गाळा म्हणायचे. त्यांना जेवू घालायच्या त्या आसपासच्या खानावळवाल्या बाया. पाळीप्रमाणे डबे, जेवण उधारीवर, पैसे पगार झाला की. तोवर किराणा भरायला या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकांकडून त्यांना कर्जं मिळवून दिली. संपात गिरण्या बसल्या, त्यांच्याबरोबर कितीतरी चुली विझल्या.

हे सांगताना माझा आवाज खरोखर जड झाला. जावयांचेही डोळे पाणावलेले दिसले.

"बाबा," ते म्हणाले, "वरती फूड कोर्ट आहे."

"गिरणीत बसून पिझ्झा खायचा? माझ्या मामाने इथे साचे चालवलेत!"

मामाचं नाव काढल्यावर ते बिचारे गप्प झाले. मामा दुपारी भरपेट डबा खायचे, हा मुद्दा त्यांना सुचला असणार, पण पुण्याचे असूनही बोलले नाहीत. संस्कार म्हणतात ते हेच.

लालबागला जायला टॅक्सी केली. टॅक्सीवाला म्हणाला, "हिंदमाताकडे काही येणार नाही, तिथे पाणी भरलं असेल." हिंदमाता टॉकीजमध्ये शेवटचा सिनेमा कोणता पाहिला ते आज कोणाला आठवत नाही, पण पावसाळ्यातल्या बातम्यांत तिच्यासारखी हाऊसफुल्ल दुसरी नाही. लालबागच्या उड्डाणपुलाखाली उभा राहून मी जयहिंद टॉकीज कुठे होती, भारतमाताला मराठी सिनेमे कसे लागायचे, पेरू चाळीतला बाजार उठल्यावर कोळणी आणि व्यापाऱ्यांनी नवस कसा केला आणि १९३४ साली लालबागचा राजा कसा बसला, ते सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी टाळीसाठी हात पुढे केला. बाजूला जावई नव्हते. एक अनोळखी आजोबा होते. त्यांनी टाळी दिली आणि म्हणाले, "जयहिंद या बाजूला नव्हती."

जावई सापडले ते चिवडा गल्लीत. पावसात अंग चोरून एका पन्हळीखाली उभे, हातात पाव किलोचं पाकीट, तोंड भरलेलं. मला पाहून त्यांनी पाकीट पाठीमागे लपवलं. लग्न झाल्यापासून आमच्यातला हा सर्वांत मोकळा क्षण. मी हात पुढे केला. त्यांनी मूठभर चिवडा दिला. भूक मलाही लागली होती. पण इतिहासासमोर ते सांगायची पद्धत नाही.

त्यानंतर मोहिमेची सूत्रं त्यांनी हाती घेतली. फोनवर बोट फिरवलं आणि मला दादरला 'आस्वाद'मध्ये नेलं. १९८६ सालचं हॉटेल. "कालचंच की हे," मी म्हणालो. ते म्हणाले, "सदतीस वर्षं झाली, बाबा. यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला." माझ्या मुंबईची माहिती पुण्याचा माणूस मला देत होता. मी या दारावरून शेकडो वेळा गेलो असेन. आत कधी शिरलो नव्हतो. ते चालूच होतं ना!

चार वाजता आमची पानं आली. मिसळ, थालीपीठ, मग आणखी एक थालीपीठ. दिवसभरात मी पहिल्यांदाच गप्प होतो. जावईबापूंनी नंतर पुण्यात जाऊन सांगितलं, की दादर फार सुंदर आहे, विशेषतः तिथली शांतता.

तेव्हापासून मी नेम केला. अधूनमधून मुंबईत जायचं आणि चालू असलेल्या एखाद्या जुन्या ठिकाणी बसून पोटभर खायचं. बिलं मी एका डब्यात जपून ठेवतो. उद्या त्यातलं एखादं बंद पडलं, तर हळहळताना माझ्याकडे निदान पावती असेल.

परवा हिने तो डबा उघडला. सगळी बिलं नीट वाचली, सुबक घडी घालून परत ठेवली आणि म्हणाली, "अहो, गेली चाळीस वर्षं एक खानावळ तुमच्या घरातच चालू आहे. तिच्याबद्दल कधी दोन शब्द ऐकले नाहीत. ती बंद पडायची वाट बघताय का?"

त्या रात्री मी आमटी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या शब्दांत तिची तारीफ केली. पावती काही मिळाली नाही.