कामाचे स्वरूप

सरकारी कॉलेजच्या फाटकावर राज्यघटना सांगू नये, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मेसच्या आमटीत अळ्या निघाल्या म्हणून हॉस्टेलची पोरं तीन दिवस पोर्चमध्ये ठिय्या देऊन बसली होती. आमच्या दैनिकाच्या तालुका पानाचा वार्ताहर म्हणून चौथ्या दिवशी मी निघालो. फाटकावर निवृत्त फौजी वॉचमन. पुढ्यात रजिस्टर, त्याला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन.

"कोणाला भेटायचंय?"

"मी प्रेस."

"कपडे कुठायत?"

त्या कॅम्पसमध्ये प्रेस म्हणजे इस्त्रीवाला. मी कार्ड काढलं. सरकारी अधिस्वीकृतीपत्रिका आमच्यासारख्या फुटकळांच्या नशिबी कुठली? हे आपलं संपादकांच्या सहीचं, मार्चमध्ये मुदत संपलेलं. तारखेवर अंगठा दाबून मी ते नाचवलं आणि कलम १९ वर व्याख्यान सुरू केलं.

घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा समजलं की घटनेत पत्रकारांसाठी वेगळा शब्दच नाही. वृत्तपत्राला नागरिकापेक्षा जास्त हक्क नाहीत, संपादक लिहितो तेही नागरिक म्हणूनच, असं बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे घटनेपुढे मी आणि इस्त्रीवाला सारखेच. त्यातही त्याला आत सोडत होते. अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांना 'वाजवी' हे विशेषण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत जोडलं गेलं. आमचे वॉचमन तेव्हा ड्युटीवर असते तर तेही जोडू दिलं नसतं.

शेवटी कंटाळून त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी ठसक्यात 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' लिहायला घेतलं. रकाना इंचभर, 'अभिव्यक्तिस्वा'पाशी संपला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हे कुठल्या डिपार्टमेंटला?"

"सगळ्याच."

"असलं काही आत नाहीये," म्हणत त्यांनी पट्टी लावून माझी ओळ खोडली.

मागच्या कुंपणाला पोरांनी चहाच्या टपरीवर जायला पाडलेलं भगदाड आहे. ते विशीतल्या कमरेच्या मापाचं. मी आत पोचलो, पँटचा काही भाग तारेवरच राहिला.

फाटक्या जागेवर शबनम धरून पोर्चपाशी गेलो, तर पोरांनी हातात हात गुंफून साखळी केली. "मीडिया नको!"

मग त्यांनाही व्याख्यान. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात अगदी असंच झालं होतं. वर्णद्वेषाविरुद्ध हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्या मुलांनी पत्रकारांना मज्जाव केला. कॅमेरा घेऊन आलेल्या एका विद्यार्थ्याला हाकलायला दांडग्यांना हाका मारल्या त्या चक्क संज्ञापन शिकवणाऱ्या बाईंनी! दुसऱ्याच दिवशी मुलांनी पाट्या उतरवल्या आणि पत्रकारांना येऊ द्या म्हणून पत्रकं वाटली. "तेव्हा तुम्हीही..."

"काका," एक मुलगी म्हणाली, "ते पत्रकार तिथे गेले तरी होते." आणि तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. 'विद्यार्थ्यांचा धुडगूस, शैक्षणिक वातावरण गढूळ.' खाली 'आमच्या वार्ताहराकडून.'

आमचा वार्ताहर म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशीची बातमी. प्राचार्यांचं पत्रक व्हॉट्सॲपवर आलं होतं, मी सोफ्यावरून पुढे ढकललं. अगदीच काही केलं नाही असं नाही, दोन वेलांट्या सुधारल्या होत्या.

साखळी सुटली ती एका अटीवर. आधी जेवायचं, मग लिहायचं. स्टीलच्या ताटात आमटी आली. वर पिवळं पाणी, तळाला डाळीचा गाळ, मधे काहीतरी तरंगत होतं. मोहरीच असावी. चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी ती मोहरी मानून गिळली.

निघताना भगदाडाकडे जायची हिंमत होईना. पोट घेऊन फाटकावर आलो.

"आत आल्याची नोंद नाही," वॉचमन म्हणाले. "बाहेर कसं सोडू?"

मी गयावया केली. कलम एकही सांगितलं नाही. रजिस्टर पुन्हा पुढे आलं. यावेळी 'कामाचे स्वरूप'मध्ये मी 'जेवण' लिहिलं. जागा उरली.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुढच्या रकान्यात डिपार्टमेंट म्हणून 'मेस' भरलं आणि फाटक उघडलं.