तीन बत्तीवर दोन दिवे

विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरची तक्रार मोजून घ्यावी लागते. सर्रास आढळणाऱ्या व्हीआर2 कंट्रोलरवर जॉयस्टिकपुढे लाल, पिवळे, हिरवे मिळून 10 दिवे असतात. एरवी ते बॅटरी दाखवतात. बिघाड झाला की ठरावीक दिवे लुकलुकतात. मलबार हिलच्या माथ्यावरून गिरगाव चौपाटीवर भेळ खायला निघालेल्याला ही अंकलिपी वाटेतच गिरवावी लागते.

दारातच 6 दिवे. म्हणजे बहुधा चार्जरची पिन तशीच आहे. घर ओढत न्यायला खुर्ची तयार नसते. पिन काढून बटण दाबावे, तर 7: मांडीवरच्या पिशवीने जॉयस्टिक रेटली होती. ती मधोमध आणून खुर्ची बंद-चालू केली की रुसवा जातो.

रिज रोडच्या उतारावर 10 लुकलुकले की धाबे दणाणते. हे पूर्ण चार्जिंग करून निघाल्याचे फळ. उतरताना मोटर वेग आवरते आणि वीज उलटी बॅटरीकडे धाडते. जेवून उठलेल्याला जिलबीचा आग्रह करावा, तसला हा प्रकार, व्होल्टेज चढते. वेग कमी ठेवून उतरावे.

तीन बत्ती नाक्यावर दोनच दिवे लुकलुकले, तर डाव्या मोटरची जोडणी सैल आहे; 4 उजवीचे. (3 आणि 5 म्हणजे त्याच मोटरांचे शॉर्ट सर्किट, 8 म्हणजे खुद्द कंट्रोलर, तिथे मेकॅनिकच हवा.) प्लग नीट बसवून बहुतेकदा भागते, पण तोवर माणसे जमतात. एक जण 'बॅटरी उतरलीय' असे निदान करतो, दुसरा धक्का मारायला बाह्या सरसावतो, तिसरा मोटरजवळचा लिव्हर ओढतो. लिव्हर ओढला की ब्रेक सुटतो. समोर वाळकेश्वरचा उतार आहे, ही बाब त्या क्षणी फक्त बसलेल्याच्या ध्यानात असते. लिव्हर जागी बसवल्याशिवाय खुर्ची चालवू नये. 9 दिवे आले, तर ब्रेकच्या जोडणीतच दोष असतो.

परतीच्या चढावर हिरवे दिवे पटापट विझतात आणि सपाटीवर त्यातले काही परत उगवतात. भार पडला की व्होल्टेज खाली बसते, म्हणून बॅटरी सपाटीवरच वाचावी. एकच दिवा लुकलुकू लागला, तर चार्जिंग गाठावे. तेवढे करूनही तो थांबला नाही, तर बॅटरीच्या तारा तपासाव्यात.

मेकॅनिक फोनवर आधी विचारतो, 'किती दिवे?' 'सगळं लुकलुकतंय हो!' हे उत्तर 1 पासून 10 पर्यंत कुठल्याही बिघाडाला चालते, म्हणून तो पुन्हा तेच विचारतो.