पुऱ्या मापाचं इंग्रजी

इंग्रजीत ‘डोन्ट’ न म्हणणारी माणसं अजून आपल्यात आहेत. ती ‘डू नॉट’ म्हणतात. ‘कान्ट’ म्हणत नाहीत, ‘कॅनॉट’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘नॉट’वर असा जोर देतात की समोरच्याने तो विषय पुन्हा काढूच नये. बहुधा ती कुठून तरी हेडक्लार्क, हेडकॅशियर किंवा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेली असतात. खिशाला पेन असतं, पेनला टोपण असतं आणि त्या पेनात शाईही असते. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीत हा मान अप्पांकडे आहे.

अप्पांच्या इंग्रजीत प्रत्येक शब्द आपापल्या पायांवर उभा असतो. ‘आय ॲम’, ‘इट इज’, ‘दे आर’, ‘वी शॅल’. दोन शब्द एकमेकांना चिकटले की अप्पा अस्वस्थ होतात. ‘आयॅम’ कानावर पडलं की डोळे बारीक करून विचारतात, “कोण?” बँकेतल्या मुलीला सगळे ‘मॅम’ म्हणतात, अप्पा ‘मॅडम’ म्हणतात. अपॉस्ट्रॉफीला तर ते नावानेही हाक मारत नाहीत. “तो वर टांगलेला स्वल्पविराम,” असा तुच्छतेने उल्लेख करतात. “एक अक्षर गिळायचं आणि वर तिथं खूण ठेवायची. ह्याला काय म्हणायचं? चोरी करून पावती देणं!”

ह्या वैरामागे एक व्यावहारिक कारणही असावं असा मला संशय आहे. कचेरीतल्या जुन्या टाइपरायटरवर अपॉस्ट्रॉफी 8 च्या आकड्याच्या डोक्यावर बसलेली असे. एका ‘डोन्ट’साठी शिफ्ट दाबा, 8 मारा, शिफ्ट सोडा. तेवढ्या वेळात अप्पा ‘डू नॉट’ मारून पुढच्या ओळीवर जात. 1964 च्या कायद्याने राज्याचा कारभार मराठीत आला, तरी केंद्राच्या कचेऱ्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीतच चाले आणि तो अप्पांच्या टेबलावरून जाई. ‘आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट दॅट’ हे त्यांचं आवडतं वाक्य. घरीसुद्धा काकूंनी त्यांना आमच्याकडे विरजण मागायला पाठवलं, की दारात उभं राहून ते आधी हे म्हणतात आणि मग वाटी पुढे करतात.

आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी ‘डोन्ट स्पिट’ असा कागद चिकटवला होता. लिहिणाऱ्याने टांगलेला स्वल्पविरामही खाल्ला होता. अप्पांनी तो कागद काढला नाही. पेनाचं टोपण काढून ‘डोन्ट’वर पट्टीने सरळ रेघ मारली आणि वर ठळक अक्षरात ‘डू नॉट’ लिहून शेजारी छोटी सही केली. कारण कुठल्याही खाडाखोडीवर सही लागते. मला म्हणाले, “डोन्ट म्हणजे विनवणी. डू नॉट म्हणजे हुकूम.” लोक अजून तिथे थुंकतात. फक्त आता हुकूम मोडून थुंकतात, एवढा फरक पडला.

तारेची गोष्ट काकूंच्या तोंडून ऐकावी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. काकूंचे भाऊ कोल्हापूरला यायला निघणार होते आणि इथे घरात कांजिण्या. अप्पा तारऑफिसात गेले आणि फॉर्मवर लिहिलं, ‘डू नॉट स्टार्ट, लेटर फॉलोज’. तारेचे पैसे शब्दावर. खिडकीतल्या भल्या माणसाने सुचवलं, “साहेब, ‘डोन्ट’ करा की, एक शब्द वाचंल.” अप्पा म्हणाले, “आणि वाटेत त्याचा ‘टी’ गळाला तर? नकार अख्खा पोचला पायजे.” जास्तीच्या शब्दाचे पैसे मोजून अख्खा नकार रवाना झाला. तो पोचण्याआधीच मेहुणे गाडीत बसले होते. “पण तार बरोबर होती,” असं अप्पा आजही म्हणतात. 2013 च्या जुलैत तारसेवा कायमची बंद झाली, तेव्हा त्यांनी आम्हाला चहा पाजला. आनंदाचा की दुःखाचा, विचारायचं धाडस झालं नाही.

आता हे सगळं आलं कुठून? अप्पा शाळेत असताना इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे मिसरूड फुटायच्या सुमाराला ही भाषा भेटली, आणि भेटली ती कागदावर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, फळ्यावरची क्रियापदांची रूपं, आणि सरांचा खडू. इंग्रजी बोलणारा माणूस त्यांनी पाहिला तो थिएटरात, आणि तिथेही तो काय बोलला ते कळलं नाही. ते इंग्रजी डोळ्याने शिकले. डोळ्याला शब्दांमधल्या मोकळ्या जागा दिसतात; कानाला त्या कधीच ऐकू येत नाहीत. इंग्रजांच्या घरातलं पोर आधी ‘डोन्ट’ शिकतं आणि शाळेत गेल्यावर त्याला कळतं की आत ‘नॉट’ लपला आहे. अप्पांचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा. पूर्ण रूपं आधी मिळाली, आणि मिळालेलं काहीही अर्धं करायचं नाही, हे त्या पिढीच्या हाडात आहे. हे लोक जुन्या पाकिटांची आतली बाजू लिहायला वापरतात, पण ‘इट इज’मधला ‘आय’ टाकवत नाही त्यांना.

त्यांचा पुतण्या पिंटू हा ह्या कथेतला खलनायक. हा बारावीनंतर ‘फाडफाड इंग्रजी’च्या क्लासला गेला आणि दोन महिन्यांत ‘गॉना’ आणि ‘वॉना’ करत घरी आला. अप्पांनी त्याला समोर बसवलं. “हे ‘गॉना’ काय आहे?”

“गोइंग टू, अप्पा.”

“मग तसं म्हणायला तुझं काय जातंय?”

तेव्हापासून काका-पुतण्यांत जे युद्ध पेटलं त्याला मी शेजारधर्माने साक्षी आहे. पिंटू मोबाइलवरून दारूगोळा आणतो. एकदा म्हणाला, “बर्नार्ड शॉ ‘डोन्ट’ लिहायचा आणि वर अपॉस्ट्रॉफीसुद्धा द्यायचा नाही.” अप्पांनी शांतपणे विचारलं, “त्याला नोबेल मिळालं होतं का?” पिंटू म्हणाला, हो, 1925 चं. “मग तुला मिळालं की तूही लिही.”

दुसऱ्या वेळी मात्र पिंटूच्या हातून शत्रूलाच रसद पोचली. 1710 मध्ये जोनाथन स्विफ्टने लंडनच्या ‘टॅटलर’मध्ये ह्याच तोडलेल्या शब्दांविरुद्ध लिहून तक्रार केली होती, असं त्याने मोठ्याने वाचलं आणि मग जीभ चावली. गलिव्हरवाला स्विफ्ट! अप्पांनी गलिव्हर शाळेत संक्षिप्त आवृत्तीत वाचला होता. (संक्षिप्त! पण हे मी बोललो नाही.) तीनशे वर्षांपूर्वी आपल्या बाजूने कुणीतरी अर्ज केलेला आहे, ह्या आनंदात त्यांनी त्या दिवशी रंकाळ्याला दोन फेऱ्या जास्त मारल्या. त्या अर्जाचा निकाल काय लागला, हे पिंटूने सांगितलं नाही. पोरगा मनाने चांगला आहे.

‘वोन्ट’वरून तर घरात आठवडाभर तंटा होता. “विल अधिक नॉट. मग ‘विलन्ट’ पायजे. हा ‘ओ’ कुठनं आला? पुरावा दाखव.” पिंटूने शोधलं. जुन्या इंग्रजीत ‘विल’चं एक ‘वोल’ असंही रूप चालायचं; ते रूप मागे पडलं, त्याचं ‘वोन्ट’ तेवढं उरलं. अप्पांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे नोंद जुनी आहे.” जुन्या नोंदीपुढे हेडक्लार्कचं काही चालत नाही. तेव्हापासून ‘वोन्ट’ला दरवाजा उघडा आहे. दुसऱ्याने म्हटलं तर ते हरकत घेत नाहीत. स्वतः म्हणत नाहीत, ते वेगळं.

पिंटूने खरा घाव घातला तो ‘ओ क्लॉक’वर. “अप्पा, तुम्ही रोज ‘टेन ओ क्लॉक’ म्हणता. ते ‘ऑफ द क्लॉक’ आहे. त्यातला अर्धा ‘ऑफ’ आणि अख्खा ‘द’ तुम्ही गिळता.” अप्पा गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून ‘टेन ए.एम.’ सुरू झालं. मग काकूंनीच विचारलं, “अहो, ते ए.एम. म्हणजे तरी काय पूर्ण आहे का?” आता अप्पा ‘सकाळचे दहा’ म्हणतात. ‘गुडबाय’मध्येही एक अख्खा देव आकसून बसलाय, ‘गॉड बी विथ यू’चंच ते झालंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ह्या वयात माणसाने निरोप तरी निर्धास्त घ्यावा.

पण अप्पा प्रत्येक वेळी हरतात असं समजू नका. पिंटू एकदा ऐटीत म्हणाला, “आय ॲम स्मार्ट, आरन्ट आय?” अप्पा खुर्चीत पुढे सरकले. “आय आर? कुठल्या व्याकरणात? ‘आर आय नॉट’ म्हणशील?” आणि पिंटूकडे खरोखरच उत्तर नव्हतं. आयर्लंड-स्कॉटलंडात लोक चक्क ‘ॲमन्ट आय’ म्हणतात, पण लंडनच्या पुस्तकी इंग्रजीला ते जमलं नाही. म्हणून तिथले भलेभले प्रोफेसरही हे चुकीचं ‘आर’ बिनबोभाट वापरतात. आमच्या राजारामपुरीत मात्र एक गृहस्थ ‘ॲम आय नॉट?’ असं शुद्ध विचारतो, आणि त्याला कुणी हसलं तर तोही हसतो, कारण त्याला माहीत आहे.

पुढे पिंटू पुण्याला कॉल सेंटरला लागला आणि तिथे तर अप्पांचा विजयच झाला. अमेरिकन माणूस वाक्यात ‘कॅन’ म्हणताना त्याचं पार ‘कन’ करून टाकतो, आणि ‘कॅन्ट’ म्हणताना ‘कॅन’ ठासून म्हणून शेवटचा ‘ट’ गिळतो. त्यामुळे पिंटूने स्वच्छ कोल्हापुरी उच्चारात “वी कॅन रिफंड” म्हटलं की पलीकडच्याला “पैसे मिळणार नाहीत” असं ऐकू जायचं. शिव्या खाऊन खाऊन पोरगा शेवटी अप्पांच्या शाळेत दाखल झाला. आता तो फोनवर ‘कॅनॉट’ म्हणतो, दोन्ही तुकडे सुटे करून. हे कळलं त्या रविवारी अप्पांनी त्याला मिसळ खायला घातली, कटासकट.

आणि हे सगळं चाललेलं असताना अप्पांचं मराठी ऐकावं. मी जिन्यात दिसलो की त्यांची हाक येते, “कवा आलायसा?” आलायसा! ‘आलेले आहात’चं एवढंच उरतं. “काल तुमच्याकडं आल्तो, तुम्ही न्हवता. कुठं गेल्तासा?” ‘आलो होतो’ कुठे गेलं, ‘गेला होतात’ कुठे गेलं, कुणी विचारायचं नाही. “काय करालायस रे?” ह्या प्रश्नात किती क्रियापदं चेंगरून मेली आहेत ह्याचा पंचनामा करायला अख्खी कचेरी लागेल, आणि वर खूण म्हणून एकही स्वल्पविराम टांगलेला नाही. मी हे एकदा धीर करून त्यांच्यापुढे मांडलं. त्यांना आधी ते कळेचना. मग म्हणाले, “आवो, ते बोलणं झालं. इंग्रजी कुठं बोलायचं असतंय? ते लिहायचं असतंय. तोंडानं.”

मागल्या उन्हाळ्यात अप्पा-काकू न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे जाऊन आले. तिथे एक पेच पडला. अप्पा रोज सकाळी सुनेला प्रेमाने सांगत, “आय डू नॉट वॉन्ट मिल्क इन माय टी.” सहा वर्षांची नात एकदा आईला बाजूला घेऊन म्हणाली, आजोबा आपल्यावर चिडलेत का? त्या मुलीच्या जगात कुणी ‘डोन्ट’ सोडून ‘डू नॉट’वर आलं, की समजायचं, आता टीव्ही बंद होणार. मुलाने अप्पांना समजावलं, की तिकडे पूर्ण रूप म्हणजे राग. अप्पांना अतोनात वाईट वाटलं. त्यांनी दोन दिवस मनापासून प्रयत्न केला, ‘आय डो... आय डो...’ इथपर्यंत यायचे आणि अडकायचे. शेवटी त्यांनी नातीशी इंग्रजीच थांबवलं आणि मराठी सुरू केलं. अप्पा परत येईपर्यंत ती घरी आलेल्या बापाच्या मित्रांना दारात “कवा आलायसा?” विचारू लागली होती.

परवा मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. अप्पा फोन स्पीकरवर टाकून दोन हातांनी धरतात.

“अप्पा, तुमच्या नातीनं काल भेंडी समोर ढकलून दिली. आणि काय म्हणाली माहितीय? ‘आय विल नॉट ईट इट.’ सुटं सुटं, तुमच्यासारखं.”

अप्पांच्या चेहऱ्यावर चिंता पसरली. “विल म्हणाली? फर्स्ट पर्सनला शॅल येतं.”

“अप्पा...”

“थांब, थांब. निर्धार असंल तर विलच. निर्धार होता का?”

“होता अप्पा. रात्री उपाशी झोपली.”

“मग बरोबर आहे,” अप्पा म्हणाले, आणि काकूंकडे वळून, “अगं, पोरीचं व्याकरण पक्कं झालंय!”