फोर्झा, फोर्जा की फोर्चा?

बीड जिल्ह्यात इटालियन भाषा रोज बोलली जाते. खोटं वाटत असेल तर मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहून ऐका. "नेकनूरची आपे गेली का हो?" यातला 'आपे' शुद्ध इटालियन आहे. पिआज्जिओ कंपनीनं १९४६ साली वेस्पा स्कूटर काढली, म्हणजे गांधीलमाशी. मग १९४८ साली तीन चाकांची आपे काढली, म्हणजे मधमाशी. त्याच साली आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मराठवाड्याच्या दळणवळणावर दोन्हींचे उपकार आहेत. पुढं या कंपनीचा कारखाना बारामतीला निघाला आणि मधमाशी आमच्या फाट्याफाट्यावर येऊन थांबली. आत बसलेली, लटकलेली आणि टपावर सामान धरून बसलेली माणसं पाहिली की नाव ठेवणाऱ्याला बीडचा रस्ता आधीच दिसला होता की काय, असं वाटतं.

गाडीवर अक्षरं तीनच, ए, पी, ई. इंग्रजी शाळेतलं पोरगं ती वाचेल 'एप', म्हणजे बिनशेपटीचं माकड. आमची माणसं म्हणतात आपे. थोडी शिकलेली म्हणतात ॲपे. शिकलेल्यांचा उच्चार चुकतो, हे नीट ध्यानात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

तर दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. सोबत लॅपटॉप. लॅपटॉपवर मोटारी पळवायचा खेळ. मेक्सिकोच्या डोंगरातून, वाळूतून, कुणाच्या तरी उभ्या पिकातून गाडी सुसाट. खेळाचं नाव अर्धं इटालियन, अर्धं इंग्रजी. 'होरायझन'वर कुणाचा वाद नव्हता. वाद पहिल्या अर्ध्यावर पेटला.

पुतण्या म्हणाला, फोर्झा. 'माझा' मधला झ. आमची कन्या म्हणाली, फोर्जा. 'जेवण' मधला ज. शेजारचा मुलगा घरी दखनी बोलतो. त्यानं जिभेच्या शेंड्यावरून असा झुळझुळीत नुक्त्याचा ज़ काढला की दोघंही गप्प झाली. बीडमध्ये झेड उच्चारावा तर त्या घरानं. बाकीच्यांच्या तोंडात त्याचा ज होतो नाही तर झ. निकाल जवळजवळ लागला होता. तेवढ्यात सातवीतली भाची हळूच म्हणाली, "इटालियन लोक फोर्त्सा म्हणतात."

सगळे तिला हसले. अगदी पोट धरून. पुतण्या म्हणाला, "त्सा काय त्सा? शिंकतेस का?"

मी मराठीचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. म्हटलं, "थांबा. तू कुठला?"

"कुठला म्हणजे? बीडचा."

"पुन्हा म्हण."

"बीडचा."

"या 'बीडचा'तला चा आणि तिचा त्सा, फरक दाखव."

फरक नव्हताच. घरचा, दारचा, वरचा, परवाचा, दिवसभर आम्ही दुसरं बोलतो काय? चाक, चूल, चोर, चमचा यांतला तो च. 'घरची' म्हटलं की बदलतो, 'चहा'त वेगळा, 'चार'मध्ये वेगळा. लिहायचा मात्र एकच, आणि कुठं कुठला हे पोराला आईच्या दुधाबरोबर कळतं. गंमत म्हणजे इटालियन माणसाचंही हेच दुखणं आहे. त्यांचा झेड कधी त्स, कधी द्झ, आणि अक्षरावर खूण काही नाही. 'फोर्त्सा'त एक, 'द्झेरो'त दुसरा. म्हणजे देवनागरीत ते नाव लिहायचंच तर सरळ 'फोर्चा' लिहावं आणि बीडच्या माणसानं बिनधास्त वाचावं. याच न्यायानं पिझ्झा हा 'पिच्चा' होतो. पण हॉटेलात जाऊन कुणी "एक पिच्चा द्या" म्हणालं तर मालक आधी आपला पिच्छा सोडवून घेईल.

इतका सरळ उच्चार तोंडात असताना आम्ही झ कुठून आणला? इंग्रजीतून. इटलीहून निघालेला शब्द बीडला थेट येत नाही. वाटेत इंग्रजीच्या नाक्यावर त्याची तपासणी होते, चांगला त्स तिथं काढून घेतात आणि हातात झेड ठेवतात. 'ग्रान तुरिझ्मो' नावाचा जपानी खेळ १९९७ साली आला. दोन्ही शब्द इटालियन, त्यातला त आपल्या तूरडाळीतला. पण पुतण्या 'टुरिझमो' म्हणतो, कारण त म्हटला तर गावंढळ वाटेल. गेवराईच्या शेतकऱ्यानं मात्र तो शब्द ऐकून आधी तुरीचा भाव विचारला असता, आणि उच्चारात तोच रोमच्या जवळ राहिला असता.

मारिओचंही तसंच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आमच्या गल्लीत आले. त्यातला मिशीवाला इटालियन नळवाला पोरांना ठाऊक झाला. पोरांनी इंग्रजी अक्षरं बाराखडीसारखी वाचली, मा-रि-ओ, आणि बरोबर वाचली. नळवाला जन्मानं जपानीच. शिगेरू मियामोतो यांच्या १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये तो पहिल्यांदा उड्या मारत आला. नाव मिळालं निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं, मारिओ सेगाली यांचं. घरमालकाचं नाव अमर करणारा भाडेकरू मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुतण्या अजून मानेना. "काका, पुण्यात सगळे फोर्झाच म्हणतात." आता यावर काय बोलणार? पुण्यात आमच्या केजलाही लोक काहीबाही म्हणतात. आणि हिंदी मुलखातला पाहुणा परळीला 'परली' म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला वैद्यनाथाचं दर्शन नाकारतो का? त्याच्याकडं ळ नाही, तो तरी काय करील. आमच्याकडं मात्र त्स असून आम्ही तो इटालियन शब्दाला लावायला लाजतो.

भाचीनं संधी साधली. "फोर्त्सा! फोर्त्सा!" म्हणून ती खोलीभर नाचायला लागली. इटलीत फुटबॉलच्या मैदानावर अशीच आरोळी देतात. लाव जोर, असा अर्थ.

ओसरीवर आबा माळ ओढत होते. र आणि त्यापुढं चा कानावर पडला की बीडच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. ते उठून आत आले. "कुणाचा मोर्चा हाय? किती वाजता निघायलाय?"

"मोर्चा नाही आबा, फोर्चा. गाड्यांचा खेळ."

आबांना खुर्ची दिली. पडद्यावर पिवळी, जमिनीला चिकटलेली गाडी उभी होती. पुतण्यानं अभिमानानं नाव सांगितलं, लांबोर्गिनी. याचा उच्चार त्यानं बरोबर केला. मी आबांना म्हटलं, "ह्या कंपनीच्या मालकानं आधी ट्रॅक्टर काढले, १९४८ साली. मोटारी नंतर, १९६३ ला."

आबांची नजर एकदम बदलली. इतका वेळ ते गाडीकडं उडाणटप्पू पोराकडं बघावं तसं बघत होते. आता घराणं कळलं. चष्मा पुसून ते पडद्याजवळ सरकले.

"मंग लाव की ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टर नाही आबा यात. शर्यत असते."

"आन हे कुणाच्या वावरातून गाडी घालायलास?"

"कुणाच्याच नाही. मेक्सिको आहे ते."

"मेक्सिको असू दे," आबा म्हणाले, "बांधावरून घे."