ग्रेड पाचचे बाबा

बाणेरला किंवा ठाण्याला, जिथे सोसायटीत मुलांना पोहायला तलाव आणि मोठ्यांना भांडायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप असतो, तिथे हे बाबा हमखास सापडतात. त्यांना पियानो येत नाही. पियानोविषयी सगळं येतं.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाचा नियमच असा, की सहाव्या ग्रेडला पियानो वाजवायचा तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी पास झालेली हवी. मुलगी वाजवत असते; थिअरीचा मक्ता बाबा घेतात. आणि इंजिनिअरिंगला एम-थ्री ज्या पद्धतीने काढलं, त्याच पद्धतीने ही काढायला बसतात. फ्रिजवर पियानिस्सिमोपासून (अगदी हळू) फोर्तिस्सिमोपर्यंतचा (अगदी जोरात) तक्ता चिकटतो. मेझ्झो पियानो आणि मेझ्झो फोर्ते या ओळींवर पिवळं हायलायटर, कारण 'इथेच पोरं मार्क घालवतात'.

मग घरातला प्रत्येक आवाज त्या तक्त्यात बसवणं सुरू होतं.

"अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

"दोन. दुसरी स्फोर्झान्दो होती."

"मग गॅस का नाही बंद केलात?"

याला बाबांकडे इटालियन उत्तर नसतं.

चिन्हांच्या बाबतीत ते फार कडक. स्वरावर आडवी पाचर असली की अ‍ॅक्सेंट, उभी टोपी असली की मार्कातो, म्हणजे ठोका आणखी ठसठशीत. टिंब दिसलं की स्टकाटो, स्वर तोडून वाजवायचा. रेघ दिसली की तेनुतो, पुरता धरून ठेवायचा. "आणि टिंब नि रेघ दोन्ही असतील तर?" असं मुलीने विचारलं, तेव्हा बाबांना नेमका ऑफिसचा फोन आला.

पाहुणे आले की इतिहास. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ साली छापलेल्या सोनाटात हळू कुठे, जोरात कुठे हे लिहून दिलं, इथपासून सुरुवात. चहा येईपर्यंत हायडन. त्याच्या ९४ व्या सिंफनीतली संथ धून दबक्या पावलांनी चालत असताना अख्खा वाद्यवृंद एकदम दणका देतो, तो दणका बाबा टीपॉयवर देतात. चहा सांडतो. पुसून होईस्तोवर चायकोव्हस्की. १८९३ च्या सहाव्या सिंफनीत त्याने एके ठिकाणी बसूनला सलग सहा 'पी' लिहिले आहेत. बसूनवर इतकं हळू वाजवणं महाकठीण, म्हणून पुष्कळदा ते चार स्वर बेस क्लॅरिनेटकडे देतात. जगातल्या या सर्वांत नाजूक जागेची माहिती बाबा अशा आवाजात सांगतात, की खालच्या मजल्यावरच्यांनाही ती आता पाठ आहे.

त्यांची खरी पंचाईत पियानोच्या सरांनी केली. सर गोव्याचे, लहानपणी चर्चमध्ये सोल्फा गिरवलेले, आणि थिअरीच्या बाबतीत बाबांच्या मते जरा ढिले. बाबांनी मोबाइलवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घेतलं, मुलीचं वाजवणं मोजून एक्सेलमध्ये भरलं आणि सरांना विचारलं, "फोर्ते म्हणजे नेमके किती धरायचे?"

"खोली केवढी आहे?" सरांनी विचारलं.

बाबांनी चौरस फुटांत सांगितली. कार्पेट आणि बिल्ट-अप, दोन्ही.

"आणि त्याच्या आधी काय वाजलंय? मोझार्ट आहे की ब्राह्म्स?"

म्हणजे एकच अक्षर, आणि उत्तर दरवेळी वेगळं! ज्या परीक्षेला मॉडेल आन्सर नाही, तिची फी कशाला घेतात, हा बाबांचा प्रश्न मला तरी अगदीच गैरवाजवी वाटत नाही. सर मात्र हसले आणि मुलीला म्हणाले, "परत वाजव. मधल्या ओळीत पियानो नीट ऐकू आला, तर फोर्ते आपोआप सापडेल." तिला सापडलाही. अ‍ॅपवर आकडा आधीपेक्षा कमीच आला, म्हणून बाबांनी ती नोंद शंकास्पद म्हणून लाल केली.

या परीक्षेला वयाची अट नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःचाही फॉर्म भरला. ७५ पैकी ७१! मुलीला ५८. पेढे बाबांच्या नावाने वाटले गेले. तिने दोन खाल्ले आणि सहाव्या ग्रेडच्या तुकड्यांना बसली. बाबा आता महलरकडे वळलेत. तो वादकांना लांबलचक सूचना जर्मनमध्ये लिहायचा असं त्यांच्या वाचनात आलंय, आणि जर्मनचा क्लास ऑफिसच्या समोरच निघाला आहे.