कार्यअहवाल कसा काढावा: नवख्या खासदार-आमदारांसाठी

निकालाच्या दिवशी अंगावर पडलेला गुलाल कोल्हापुरात सहजासहजी जात नाही. जेसीबीतून उधळलेला असला तर पुढचे दोन आठवडे कानातून निघत राहतो. तो निघाला की लोक काय बोलतात ते ऐकू यायला लागतं आणि पहिलं वाक्य येतं, "साहेब, वर्षभरात केलं काय?" या प्रश्नाला छापील उत्तर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. तो कार्यअहवाल. खालच्या सूचना पहिल्यांदाच निवडून आलेल्यांसाठी आहेत. तिसरी टर्म चालू असलेल्यांना यातलं सगळं येतं. ते हे वाचणार नाहीत, त्यांचे पीए वाचतील.

सुरुवात फोटोंपासून करा. मजकूर काय, शेवटच्या रात्रीही बसतो. मुखपृष्ठावर राजर्षी शाहू महाराज हवेतच, त्याबद्दल पक्षांत मतभेद नाहीत. वरच्या पट्टीत नेत्यांची मुंडकी किती आणि कोणत्या क्रमानं, हे मात्र छापखान्यात जायच्या दिवशी सकाळी फोन करून पुन्हा विचारून घ्या. जून २०२२ आणि जुलै २०२३ च्या पक्षफुटीनंतर ज्यांनी जुनी डिझाइनची फाइल तशीच छापायला दिली, त्यांचे गठ्ठे कार्यालयाच्या माळ्यावर पडले.

आतल्या पानांचा राजा म्हणजे निवेदन देतानाचा फोटो. मंत्रिमहोदयांनी कागदाचं एक टोक धरायचं, तुम्ही दुसरं, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. कागदाकडे कुणीही बघायचं नाही. लेटरहेडवरचं तुमचं नाव बाहेरच्या बाजूला येईल असा कागद धरायला पीएला आधी शिकवा, कारण तो घाईत उलटा देतो आणि फोटोत कोरी पाठ येते. खाली ओळ लिहा: "याबाबत सकारात्मक चर्चा झाली." नकारात्मक चर्चा झाल्याची नोंद जिल्ह्याच्या इतिहासात सापडत नाही.

आता दिल्लीचं पान. संसदेत तोंड उघडायचे मार्ग बरेच आहेत आणि लोकांना त्यातला फरक कळत नाही, असं समजून चालायला हरकत नाही. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, पण लोकसभेत दिवसाला असे वीसच प्रश्न लागतात आणि त्यांची सोडत निघते. त्यातलेही पहिले चार-पाचच तासाभरात होतात. अतारांकितला लेखी उत्तर येतं. ते दिवसाला २३० पर्यंत असतात, म्हणून अहवालात आकडा वाढवायला हेच बरे. शून्य प्रहरात दोन-तीन मिनिटं मिळतात. नियम ३७७ खाली लिहून आणलेलं वाचून दाखवायचं असतं आणि उत्तर काही महिन्यांनी पत्रानं येतं. या सगळ्याला अहवालात एकच वाक्य वापरा: "संसदेत आवाज उठवला." संध्याकाळी सभागृहात बाकं रिकामी असतात, तेव्हा रीळ कापताना कॅमेरा तुमच्याच चेहऱ्यावर राहील एवढं बघा. आमदार असाल तर लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा ही तुमची हत्यारं. पाठीमागं विधानभवनाचा घुमट आला म्हणजे झालं.

उसाचं पान सगळ्यांत अवघड, त्याला वेळ द्या. केंद्रानं २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. हे वाक्य दिल्लीच्या पत्रकातून जसंच्या तसं उचललंत तर शिरोळ तालुक्यात चहाच्या टपरीवर दिवसभर तुमचंच नाव चालेल. इथं ऊस क्विंटलात कुणी मोजत नाही. टनाचा हिशोब सांगा, ३५५०. तेवढ्यानंही भागत नाही, कारण हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याचा आहे आणि त्याच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात. आपल्याकडच्या चांगल्या कारखान्यांचा उतारा बाराच्या पुढं जातो. सव्वाबारा धरला तर टनाला ४२४२ रुपये होतात. हा आकडा दिसला की तो लाल ठळक टायपात छापायची तुम्हाला उबळ येईल. आवरा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची असते, आणि ती किती कापली हे गेल्या वर्षीच्या बिलावरून शेतकऱ्याला पाठ असतं. तुमच्या ठळक आकड्यातून तो जागेवर वजाबाकी करतो आणि उरलेली रक्कम तुम्हालाच मोठ्यानं सांगतो.

ऊस कारखान्याला दिल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे, हा ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे दोन तुकडे करायची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. या तीन वर्षांत तुम्ही कुठल्या बाकावर बसला होता ते आठवून मगच "एकरकमी एफआरपीसाठी सदैव कटिबद्ध" हे लिहा. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणाऱ्या माणसाकडे जुनी कात्रणं असतात.

समोरच्या पानावर साखर उद्योग येतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि मग वर्षानुवर्षं तिथंच बसला, मधल्या काळात एफआरपी मात्र चढत गेली. तो वाढवा म्हणून कारखान्यांच्या अध्यक्षांचं शिष्टमंडळ तुमच्याकडे येईल. पुष्कळदा त्या शिष्टमंडळाचे अध्यक्ष तुम्हीच असता. अशा वेळी निवेदन देणारा आणि स्वीकारणारा यांच्यात नेहरू जॅकेटचा तरी फरक ठेवावा, म्हणजे फोटोत ओळखू येतं. डाव्या पानावर शेतकऱ्याला जास्त दर, उजव्या पानावर कारखान्याला दिलासा. पुस्तिका मिटली की दोन्ही मागण्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून बसतात, त्याला इलाज नाही.

परदेशी विषय मिळाला तर सोडू नका. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांना एकाच दिवशी राग आला. शत्रू इटलीत असला की मतं फुटत नाहीत. भौगोलिक मानांकनात बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूरचे कारागीरही वाटेकरी आहेत, हे त्या भाषणात सांगायची गरज कुणाला वाटली नाही. आणि सुभाषनगरात चामडं कमावणाऱ्याला, चप्पल शिवणाऱ्याला एका जोडामागे सुटतं किती, हा प्रश्न पानाच्या शेवटी जागा उरली तर घ्या. उरत नाही.

श्रेय घ्यायचं प्रकरण. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी चाळीसेक वर्षं धरणी धरली, कामकाजावर बहिष्कार घातले, मोर्चे काढले. उद्घाटनाच्या आठवड्यात शहरात जे डिजिटल फलक लागले, त्यावरून मात्र बेंच नेत्यांनी आणलं आणि वकील बघायला आले असं वाटावं. नवख्यानं इथं जरा बेतानं घ्यावं. ज्या आंदोलनात आपण शाळकरी होतो त्याचं "माझ्या पाठपुराव्याला यश" करू नये. "या ऐतिहासिक क्षणाचा साक्षीदार" चालतं. टोलविरोधी आंदोलनाचंही तसंच. एन. डी. पाटील काठी टेकत रस्त्यावर उतरले होते, ते बघितलेली माणसं अजून शहरात आहेत आणि कुणी कुठल्या मोर्चात नव्हतं, ते त्यांना आठवतं.

जिल्ह्याच्या विषयांत हद्दवाढ पहिली. महापालिका १९७२ ची, आणि हद्द त्याच्याही आधीची. शहरातल्या माणसाला हद्दवाढ आजच्या आज हवी, शेजारच्या गावांना ती नको. दोघंही तुमचे मतदार. जुने जाणकार दोन आवृत्त्या काढत: पेठांत वाटायची वेगळी, उचगाव-पाचगावात वेगळी. व्हॉट्सअॅपनं ती सोय घालवली. आता एकच वाक्य दोन्हीकडे चालवावं लागतं, "सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय व्हावा, अशी माझी भूमिका आहे." शक्तिपीठ महामार्गालाही हेच वाक्य लागू पडतं, फक्त "सर्वांना" खोडून "शेतकऱ्यांना" करा. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे २०१६ साली मंजूर झाली. तिचं पान एकदा नीट बनवलं की दर वर्षी वापरता येतं, तारीख तेवढी बदला.

पुराचं पान मनावर घ्या. दिल्ली-बेंगळुरूची कागदपत्रं मीटर आणि क्युसेकमध्ये बोलतात: अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर. कोल्हापूर फुटात बोलतं. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ ला ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. हे इंच सांगताना चुकू नका. तुम्ही आईचा वाढदिवस चुकलात तर लोक माफ करतील, पण २०२१ चं पाणी आपल्या दारात कितव्या पायरीवर होतं हे ज्यांनी बघितलंय, त्यांच्यासमोर "पन्नासच्या आसपास" म्हणू नये.

अलमट्टीवर भरपूर लिहा. ते धरण दुसऱ्या राज्यात आहे, सभेतल्या कुणाचंच मन दुखावत नाही. केंद्रीय जलशक्ती मंत्र्यांना दिलेल्या पत्राचा फोटो अर्धं पान घेतो. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे समितीनं मात्र त्या पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही. अतिवृष्टी सांगितली आणि नदीकाठच्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. तो अहवाल जाडजूड आहे, सगळाच वाचला पाहिजे असं नाही. पूररेषेतले प्लॉट कुणी पाडले, कुणाच्या शिफारशीनं तिथं रस्ता आणि दिवे गेले, हे विषय छोट्या पुस्तिकेत मावत नाहीत. त्या दिव्याच्या खांबावर तुमच्या पक्षाचं नाव रंगवलेलं असेल तर ते आधी पुसून घ्या.

राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांबद्दलही एक सूचना. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या त्या धरणाचे सात दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. त्याला मंजुरी लागत नाही, निवेदन लागत नाही, नारळ लागत नाही. अहवालात यांचा उल्लेख शक्यतो टाळावा, तुलना होते.

पैशाचं पान आखूड ठेवा. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, तोही तुम्ही फक्त सुचवायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. कोल्हापूर मतदारसंघात १९ लाखांच्या वर मतदार. भागाकार केला तर माणशी सव्वीस रुपये येतात, शहरात एवढ्यात मिसळ मिळत नाही. म्हणून "कोट्यवधींची विकासकामं" असं लिहून केंद्राच्या, राज्याच्या, जिल्हा नियोजनच्या आणि जिल्हा परिषदेच्या कामांची यादी एकाखाली एक लावतात. आमदारांनीही तीच लावलेली असते. एकच सभामंडप तीन अहवालांत आला तर बिघडत नाही, मंडप एकच असल्याची खातरजमा करायला कोणी तिन्ही अहवाल वाचत नाही.

गटारीच्या तक्रारी तुमच्याकडे का येतात, असं वाटेल. नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. लोकांनी गटार आमदाराकडे नेली, आमदारानं खासदाराकडे. सवय लागली ती लागली.

छापून झालं की प्रकाशनाची सभा घ्या. शहरात घ्यायची तर तारीख शाहू स्टेडियमकडे बघून ठरवा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना असेल त्या दिवशी पुढच्या रांगेत तुम्ही आणि तुमचे पाहुणेच बसाल. गावात घ्यायची तर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीसारख्या गावात एक तरी घ्या. तिथं भाषण पंधरा मिनिटांत उरका. जागतिक बँकेचा पूरनियंत्रण प्रकल्प, जलशक्ती मंत्र्यांची भेट, अलमट्टीला तीव्र विरोध, सगळं म्हणून झालं की सरपंच आभाराला उठायच्या आत मागच्या रांगेतून एक काकू उठेल. तिला माईक देऊ नका असं कार्यकर्ते खुणावतील. द्या, तिला माईकची गरज नसते.

"साहेब, मी सगळं ऐकलो. पुस्तकपण बघितलो. फोटो झ्याक हाईत. पण पाणी ३९ ला आलं की माझ्या दोन म्हशी कुठं बांधायच्या, ते कितव्या पानावर हाय?"

इथं घाई करू नका. चष्मा काढा, पुसा, अहवाल चाळल्यासारखं करा. ते पान आपण छापलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मग पीएकडे बघा. पीए तलाठ्याकडे बघेल. तलाठी गेल्याच आठवड्यात बदलून आलेला असतो.